टेप पुसली यंत्रानं, घरी पाठवलं ताईला

अन्याय झाला तो आमच्या सहकारी जिनिंगमध्ये संगणक चालवणाऱ्या ताईवर. विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या आधीच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या चहाला. हे आधीच सांगतो, कारण आमच्याकडं विचारलं तर 'असं काही झालंच नव्हतं' म्हणतात.

ताई चुडाव्याहून रेल्वेनं परभणीला यायची. नामांतराच्या मोर्च्यात ती पुढं असायची, मी पत्रकं लिहायचो, माईकवर बोलायचो. कामावर मात्र मी तिच्या हाताखाली शिकत होतो.

संगणकातली माहिती टेपवर साठवायची, आणि टेपची कॅसेट महाग, म्हणून जिनिंगमध्ये एकाच टेपवर सगळं ठेवायची पद्धत होती. पुढच्या भागात गेल्या हंगामातल्या कापसाची वजनं, त्याच्या मागं नव्या हंगामासाठी करून पाहिलेलं कच्चं काम. हंगामाआधी कच्चं पुसायचं. ताई टेप वजनं संपतात तिथं आणून थांबवायची आणि पुसायची आज्ञा द्यायची. टेप उभी असेल तिथून शेवटपर्यंत पुसली जायची. मी कैकदा पाहिलंय.

त्या पावसाळ्यात टेप चालवायचं जुनं यंत्र बिघडलं, दुसरं आलं. त्याचं पुस्तक मॅनेजरसाहेबांनी कपाटात घातलं, किल्ली खिशात. ताईनं पुस्तक मागितलं होतं.

"पुसणं म्हंजे पुसणं. त्यात काय वाचायचंय?" साहेब म्हणाले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ताईनं नेहमीसारखी टेप थांबवली, आज्ञा दिली. नव्या यंत्रानं टेप आधी पार सुरुवातीला गुंडाळून नेली आणि तिथपासून सगळी पुसली.

मग कपाट उघडलं. ताईनं दोन्ही यंत्रांची पुस्तकं शेजारी शेजारी ठेवली. आज्ञेचं नाव एकच. एकात लिहिलेलं, टेप असेल तिथून पुसा. दुसऱ्यात, सुरुवातीपासून पुसा. दोन्ही नियम छापील, दोन्ही प्रमाण. कुठंतरी यंत्रांचे नियम ठरवणारी दोन मंडळं बसली, दोघांनी आपापले नियम केले, एकमेकांना विचारलं नाही.

"साहेब, हे बघा की. मी चुकले न्हाई. नियमच दोन हायेत."

"इंग्रजी वाचून दाखवू नको मला. हात कुणाचा होता? मोर्च्यात बोंबलत फिरायचं, मग हितं ध्यान कुठून राहायचं?"

चहावाले, हमाल, कारकून, सगळे हसले. ताई माझ्याकडं वळली.

"दादा, तुमी बोला की. तुमाला तर माईकबिगर करमत न्हाई."

मी म्हणालो, "साहेब, पुस्तकं खरंच दोन आहेत." एवढंच. तेही हळू.

साहेब माझ्याशी गोड बोलले. "तुमच्या वडलांशी बोललोय मी. जुने सभासद हायेत. उद्यापासून ह्या खुर्चीवर तुमी बसा." तिला 'दाखवू नको', मला 'तुमी बसा'. मला ते कळलं. तरी बसलो.

वजनं मीच पावत्यांवरून पुन्हा चढवली. कुणाच्या कापसाचं काही गेलं नाही. गेली ती फक्त ताईची नोकरी.

नामांतर झालं तेव्हा चुडाव्याच्या फलाटावर ती पेढे वाटत होती. माझ्याही हातावर एक ठेवला.

"घ्या दादा. विद्यापीठाचं झालं. माजं कवा करायलाव?"

पेढा तोंडात होता म्हणून बोललो नाही, असं म्हणायला बरं वाटतं. राजीनामा द्यावा असं रोज मनात येतं. दिला तर दुसराच कुणी बसेल, तिला काय फायदा, असं मी स्वतःला सांगतो. पगाराच्या दिवशी ते लय पटतं.

त्या दोन मंडळांच्या नियमांचं भांडण परभणीत मिटायचं नाही. पण नोकरी इथंच गेली, ती इथंच परत देता येते. सभासदहो, वजनं तुमच्या कापसाची होती. येत्या सभेत उठा, दोन्ही पुस्तकं टेबलावर मागवा, ताईला परत घ्यायचा ठराव मांडा. आणि मला त्या खुर्चीवरून उठवा.