बांधावरचा बुटका

रोपांच्या नर्सरीत लाल टोपीचा, पांढऱ्या दाढीचा सिमेंटचा बुटका दिसला आणि राहू गावातलं आमचं शेत आठवलं. माझे वडील, आप्पा, दौंडला एका साहेबांच्या बंगल्यावर माळी होते. बदली होऊन जाताना साहेबांनी बागेतला असाच बुटका त्यांना दिला. आप्पांनी तो शेताचा राखणदार म्हणून बांधावर बसवला, तेलात कालवलेला शेंदूर लावला, नारळ फोडला. कॉलेजातून आलेली मी शेजाऱ्यांदेखत हसले, "आप्पा, ह्यो काय देव न्हाई. शोभेचं बाहुलं हाय!"

"व्हय? तू शिकलीस, तुला ठावं," म्हणत त्यांनी उपरण्यानं शेंदूर पुसला.

पुढे वाचनात आलं, परदेशातल्या जुन्या गोष्टींतही हे बुटके जमिनीचे राखणदारच असतात. आप्पांचंच बरोबर होतं. पण माळीकाम करून मला त्यांनीच शिकवलं होतं, म्हणून त्यांनी स्वतःपेक्षा माझं खरं मानलं.