चाकाले लावलेली तीट

सौंसरच्या कारखान्यात मी एक दिवस डबा द्यायले गेली, अन् असं काम करून आली का ह्यांची नोकरीच जाती... साल पंच्याऐंशी-शहाऐंशी असन. आमची बेबी तेव्हा सात महिन्यांची होती.

माहेर माहं लोधीखेड्याचं, शाळा चौथीपर्यंत. लग्नाले दोन वर्षं झाली नव्हती. मले सगळ्याचीच भीती वाटे... बेबी शिंकली तरी मी रात्रभर जागी.

कारखाना लोखंडी कपाटांचा होता. तिथं नवीनच पावडर कोटिंगचा प्लांट लागला होता. म्हणजे ब्रशनं रंग मारायचा नाही... बंदुकीतून कोरडी पावडर उडवायची, ती विजेच्या जोरावर चिपकते, मग ते सामान भट्टीत टाकायचं. पावडर वितळून पक्का रंग होते.

हे तीन महिन्याच्या ट्रायलवर लागले होते. ह्यांच्या आधीच्या माणसानं दोन कपाटं खराब केली, तर त्याले दुसऱ्या दिवशी गेटवरूनच वापस पाठवलं होतं.

तेवढ्यात पांढुर्ण्याच्या एका संत्रा व्यापाऱ्याचं काम आलं. त्यांच्याकडं जुन्या जमान्याची रेसवाली गाडी होती... बसकी, दोनच सीटची, वरून उघडी. पोराच्या वरातीत काढायची होती म्हणून तिची चार चाकं रंगवायले पाठवली. आलायची, म्हणजे मिश्रधातूची चाकं, हलकी. कपाट सोडून दुसरं काही त्या प्लांटमधे पहिल्यांदाच आलं, अन् ते ह्यांच्या हातात दिलं.

दोन दिवस लावून ह्यांनी जुना रंग काढला, केमिकलच्या टाक्यांत चाकं धुतली, वाळवली. मी डबा घेऊन गेली तेव्हा चारही हुकाले टांगलेली होती. चांदीच्या ताटासारखी चमकून राहिली होती. जो तो येऊन पाहून जाये.

एक वेल्डर म्हणे, "वासुदेवभाऊ, कपाटं आता आमी रंगवतो, तुमी मोटारीच धुवा!" दुसरा म्हणे, "संत्र्यावाल्या सेठले एखादी पोरगी असती तं यालेच जावई केलं असतं बाप्पा!" सगळे हसले. मले मात्र एकच दिसून राहिलं होतं... इतक्या लोकांची नजर.

हे हात धुवायले गेले, बाकीचे जेवायले. बेबीची तीट पुसली जाये म्हणून काजळाची डबी माह्या पिशवीत राहेच. घरी पाडलेलं काजळ, एरंडीच्या तेलाचं. मी पटकन चारही चाकांले आतल्या अंगानं एक एक ठिपका लावला. बेबीच्या गालाले लावायची तसाच... डावीकडं, खाली, काठाजवळ. कोणाले दिसला नसता. अन् घरी आली.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेली तर भट्टीसमोर गर्दी. चाकांले काळा रंग मस्त बसला होता, पण चारही चाकांवर एकाच जागी फोड... रंग फुगून फुटला, मधात खड्डा.

फोरमन बोबडे साहेब ओरडून राहिले होते. "वासुदेव, तू चाकं धुतली का नुसतं पाणी दाखवलं?"

"धुतली साहेब."

"मग हे काय माह्या सासऱ्यानं येऊन केलं? चारही चाकं, अन् एकाच जागी! तीन दिवसावर वरात आहे. उद्यापासून येऊ नको तू."

ह्यांनी वाकून फोडावरून अंगठा फिरवला. मग माह्याकडं पाह्यलं, बेबीकडं पाह्यलं. अन् म्हणाले, "चूक झाली साहेब."

मले समजलं होतं ती जागा कोणती आहे. पण साहेबांसोबत मी कधी बोलली नव्हती... अन् घरी गेल्यावर हे काय करतीन, तेही माहीत नव्हतं. हे बोलायचे कमी. कमी बोलणाऱ्या माणसाचा राग किती मोठा आहे, आपल्याले अंदाज येत नाही.

हे सायकलकडं निघाले तेव्हा माह्या तोंडातून निघून गेलं... "साहेब, ते मी केलं."

"काय केलं?"

"काजळ लावलं. तीट... नजर नको लागायले म्हणून." मी डबी काढून दिली.

वेल्डर लोकं खिदळले. साहेब नाही हसले. त्यांनी काजळ बोटावर घेतलं, चोळलं, वास घेतला. "तेल आहे यात. तेलावर पावडर कशी टिकन?" एकदम त्यांले काहीतरी आठवलं. "अवो बाई, केमिकलही खराब झालं असन म्हणून मी टाक्या नालीत सोडायले सांगून आलो ना! अरे थांबवा रे, थांबवा ते!" दोन माणसं धावत गेली.

मग ह्यांले म्हणाले, "चाकांचा रंग उतरव, पुन्हा मार. परवापर्यंत पाहिजेत. अन् वहिनी, आजपासून डबा गेटवर."

बस. तेवढंच.

चाकं वेळेवर गेली. वरात आम्ही काही पाह्यली नाही, पण चांगली निघाली म्हणतात.

त्या दिवशी संध्याकाळी हे जेवायले बसले. मी वाढता वाढता विचारलं, "साहेब तुमाले काढून राहिले होते... तुमाले काहीच समजलं नव्हतं का?"

"समजलं होतं. पोरीच्या गालावर रोज तिथंच पाह्यतो ना मी."

"मग सांगतलं काहून नाही?"

"सारं खातं तुह्यावर हसलं असतं," म्हणाले, अन् वरण मागितलं.

नोकरी जाऊन राहिली होती, अन् ह्या माणसाले माह्यावर कोणी हसू नये ह्याची पडली होती... मी वरण वाढलं. त्यानंतर ह्यांच्या गप्प बसण्याची मले कधीच भीती वाटली नाही.