गार पडलेली नळी

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोसमोरही नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. आता वय झालं, म्हणूनही असेल. नक्की मलाही ठाऊक नाही.

दोन हजार सालाच्या आगेमागेची गोष्ट. मी रत्नागिरीत एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो. सुलभा घाग प्राणिशास्त्र शिकवायची. माझ्याहून लहान, हसरी, बोलण्यात कोकणी हेल. मुलं तिची नक्कल करायची आणि ती ऐकून तीच सगळ्यात जास्त हसायची. मी तिला मॅडम म्हणायचो, ती मला सर. पण मैत्री होती — निदान तिच्या बाजूनं तरी होती.

आम्हा दोघांना एकाच गोष्टीनं झपाटलं होतं. रक्तातल्या तांबड्या पेशीच्या पडद्यातून पाणी सारखं आत-बाहेर करत असतं. किती वेगानं? एमआरआयच्या यंत्रातून ते मोजता येईल, असं माझं गणित सांगत होतं. पेशीतलं पाणी कोंडलेलं, बाहेरचं मोकळं. त्यांची अदलाबदल सिग्नलमध्ये उमटते. पण गणित सांगतं म्हणून ते खरं कसं मानायचं? तोच वेग दुसऱ्या, जुन्या, खात्रीच्या पद्धतीनं मोजायचा आणि दोन आकडे जुळतात का ते पाहायचं, हाच मार्ग. जुळले तर आजारी पेशीचा पडदा उद्या सुई न टोचता तपासता येणार होता. आमच्या दोघांच्याही पीएच.डी. या जुळण्यावर उभ्या होत्या.

जुनी पद्धत सुलभाकडे होती. दापोलीला कृषी विद्यापीठात बियांमधलं तेल मोजायचं, एमआरआयच्याच तत्त्वावर चालणारं एक लहानसं यंत्र होतं. पेशींच्या भोवती मँगनीजचं मीठ घातलं की बाहेरच्या पाण्याचा सिग्नल चटकन विझतो, आणि आतलं पाणी बाहेर येईल तसा उरलेलाही विझत जातो. त्यावरून वेग काढायचा. रक्त तिचंच असायचं. नर्ससमोर बाही वर करून बसायची. अर्धं रक्त माझ्याकडे ठेवून अर्धं थर्मासमध्ये घालून एसटीनं दापोलीला न्यायची. थर्मास पूर्ण वाट मांडीवर.

माझं काम एका खाजगी हॉस्पिटलात, रविवारी, यंत्र रिकामं असताना. खोली एसीनं गारठलेली. पेशी मात्र अंगाइतक्या उबदार हव्यात, कारण गारव्यात पडद्यातून पाण्याची ये-जा मंदावते. म्हणून रक्ताच्या नळीभोवती गरम पाणी फिरवायचो. पंप बाहेरच्या खोलीत, तिथून लांब प्लास्टिकच्या नळ्या आत. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी बजावलं होतं — यंत्रावर थेंब जरी पडला तरी पुन्हा इथं यायचं नाही.

त्या रविवारी नळ्यांचा एक जोड ठिबकू लागला. मी पंप बंद केला. पाणी पुसलं. आणि मग — मोजणीही थांबवायला हवी होती ना? मी थांबवली नाही. डॉक्टरांना कळलं तर काय, हा रविवार फुकट गेला तर काय, एवढंच डोक्यात. शेवटी रक्ताची नळी काढली तेव्हा ती हाताला गार लागली. मला तिथंच कळलं होतं. हे मला स्पष्ट सांगायचंय. नंतर कळलं असं नाही. तिथंच.

आकडे जुळले नाहीत. माझा वेग कमी, तिचा कितीतरी जास्त. आमचे मार्गदर्शक सर दोन्ही आलेख टेबलावर ठेवून म्हणाले, "एसटीत घुसळल्या पेशी. फुटल्या असणार."

"नाही सर," सुलभा म्हणाली. "मायक्रोस्कोपखाली बघितल्यात मी. चांगल्या होत्या." मग माझ्याकडे वळली. "सर, तुमच्याकडे तापमान बरोबर होतं ना हो?"

मी म्हणालो, "होतं."

एक शब्द. तो उच्चारायला कितीसा वेळ लागतो? आणि तो मागे घ्यायला मला किती संधी मिळाल्या! तिनं पुन्हा रक्त दिलं, पुन्हा दापोलीला गेली. आकडा तोच आला. सर म्हणाले, हातच चुकतोय, एकच चूक पुन्हा पुन्हा होतेय. मी शेजारी बसून मान डोलावली. हळूहळू तिला स्वतःलाच ते पटू लागलं. स्टाफरूममध्ये चहाचा कप धरतानासुद्धा ती आपल्या बोटांकडे बघायची. मी ते पाहत होतो.

तिनं काम सोडलं. पुढं नोकरीही. लग्न होऊन राजापूरला गेली.

ती गेल्यावर मी तो जोड नीट बसवला, स्वतःचं रक्त घेतलं आणि उबदार नळीत मोजलं. आकडा तिच्या आकड्याला जाऊन मिळाला. माझी पद्धत खरी होती — आणि तिनं ती केव्हाच खरी ठरवून दिली होती! मी सरांना सांगितलं, नळीची रचना सुधारलीय. तुलनेला इतरांचे छापून आलेले आकडे घेतले. पीएच.डी. झाली. सत्कार झाला. प्रबंधात तिचं नाव कुठंही नाही.

काही वर्षांनी राजापूरच्या एसटी स्टँडवर ती भेटली. बरोबर शाळकरी मुलगी. माझी ओळख करून देताना म्हणाली, "हे मोठे शास्त्रज्ञ हां. मी यांच्याबरोबर काम करायची."

मुलीनं विचारलं, "आई, मग तू पण शास्त्रज्ञ होतीस?"

"नाय गो. माझा हात चुकायचा." अगदी सहज म्हणाली. मग आवाज खाली आणून मला म्हणाली, "सर, एक कधीपासून बोलायचं होतं. तेव्हा सगळ्यांसमोर मी तुमच्यावरच संशय घेतला. तापमानाचं विचारलं. मनात राग ठेवू नका."

मुंबईहून आलेली गाडी नुकतीच लागली होती, माणसं बोचकी उतरवत होती. आजूबाजूला आमचं कुणी नव्हतं. सर नव्हते, डॉक्टर नव्हते. घाबरावं असं तिथं काहीसुद्धा नव्हतं.

मी म्हणालो, "जाऊ दे हो मॅडम. मी तेव्हाच विसरलो."

तिचा चेहरा मोकळा झाला. मुलीच्या पाठीवर हात ठेवून ती म्हणाली, "पाया पड सरांच्या."

मुलगी वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत.