खापरी गुरुजी आणि शाळेचा रांजण

मार्कंड्याच्या जत्रेत सगळे दर्शनाच्या रांगेत असत, तेव्हा आमचे खापरी गुरुजी देवळाच्या मागच्या अंगाला उकिडवे बसलेले असत. तिथे अगदी खालच्या थरात, दगडाचं ओझं खांद्यावर पेललेल्या ठेंगण्या आकृती होत्या. ते त्या पाहत. दर्शन झालं का, असं कोणी विचारलं तर म्हणत, "पायथ्याचं झालं. वरचं तुम्ही घ्या, भाऊ."

ते नास्तिक नव्हते. वैनगंगेत बुडी मारून महादेवाला बेल वाहिल्याशिवाय ते शाळेत येत नसत. येताना नदीकाठची जुनी खापरं धोतराच्या सोग्यात बांधून आणत, म्हणून गावाने हे नाव ठेवलं. ते हेडमास्तर आणि मी त्यांच्या हाताखालचा नवा मास्तर, वय बावीस. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, कायद्याने नुकतीच गेली होती. मालगुजारांची शाळेतली खुर्ची मात्र तशीच होती.

गुरुजी इतिहास प्रश्नांनी शिकवत. मिसर देशाचे पिरॅमिड आले की राजाचं नाव एकदा सांगत आणि पुढे विचारत, "दगड ओढणाऱ्याचं जेवण कोणी रांधलं? तो कोणत्या भांड्यात जेवला?" मग एखादं खापर वर्गात फिरे. त्याच्या काठावर कुंभाराच्या बोटाचा ठसा असे. मुलं त्यात आपलं बोट घालून पाहत. एकदा मी त्यांना विचारलं, त्या लोकांनी एवढं ओझं उचललं तरी कसं? ते म्हणाले, "देव होता म्हणून उचललं. अन् देव होता म्हणूनच त्यायले उचलाले लावता आलं. दोन्ही खरं हाय, मास्तर."

त्यांनी शाळेत एकच नवी रीत पाडली होती. पाण्याच्या रांजणात प्रत्येक मुलाने आपल्या हाताने ओगराळं बुडवायचं. पूर्वी खालच्या वस्तीतली मुलं ओंजळ धरून उभी राहत आणि दुसरं कोणी वरून पाणी ओती. रीत बदलल्यावर पहिले काही दिवस गुरुजी मुद्दाम त्या मुलांच्या मागून पाणी पीत. गावात कुरकुर झाली, पण शाळेचा निकाल चांगला लागत असल्याने मालगुजार गप्प राहिले. बढतीची चौकशी गुरुजींनी कधी केली नाही. त्यांना हा रांजण तेवढा टिकवायचा होता.

मोहेंजोदडोचा धडा झाल्यावर त्यांनी मुलांना एक खेळ दिला. आपलं गाव मातीखाली गेलं आणि तीन हजार वर्षांनी कोणी ते खणलं, तर त्याला काय सापडेल? मुलं भराभर सांगू लागली. मालगुजारांचं धानाचं कोठार, विटांची घरं, वरच्या आळीतली बांधीव विहीर. खालच्या वस्तीचा नदीच्या वाळूतला झिरा मात्र सापडणार नाही, असं एकजण म्हणाला. मग कोणीतरी म्हणालं, विहीर तर खालच्या वस्तीनेच खणली. गुरुजींनी विचारलं, "मग ते पाणी झिऱ्याचं काऊन पितात?"  मालगुजारांची नात उभी राहून म्हणाली, "विटाळ होते म्हणून."

"बाई, विटाळ जमिनीत सापडत नाई," गुरुजी शांतपणे म्हणाले. "खणणाऱ्याले काय सांगशील?"

ती खाली बसली.

पुढच्या आठवड्यात डिप्टीसाहेबांची तपासणी होती. मला कामाच्या याद्या करायची सवय. भिंती सारवणे, नकाशे टांगणे, हजेरीपट पुरे करणे. भिंतीवर एक जागा रिकामी दिसली. मी मुलांच्या उत्तरांचा तक्ता केला. रकाने तीन: वस्तू, कोणी केली, कोण वापरतो. अक्षर चांगलं आलं. गुरुजींना दाखवायचं राहून गेलं.

डिप्टीसाहेबांनी तो मोठ्याने वाचला. मालगुजार शेजारीच बसले होते. विहिरीच्या ओळीवर साहेब थांबले आणि कोणी लिहिलं म्हणून विचारलं. अक्षर माझं होतं. गुरुजी म्हणाले, "माह्या सांगण्यावरून झालं, साहेब." मी खडूचा डबा बंद करत होतो. तो बंद करून जागेवर ठेवला.

महिन्याभरात गुरुजींची दूर जंगलातल्या एटापल्लीला बदली झाली. खापरं इथलीच आहेत म्हणून ती त्यांनी नदीकाठी सोडून दिली. बैलगाडीत बसताना ते मला एवढंच म्हणाले, "मास्तर, रांजण सांभाळा." मी हो म्हणालो. त्या दिवशी मला वाईट वाटल्याचं आठवत नाही. दुपारी चौथीची तोंडी परीक्षा घेतली.

आठ दिवसांनी मालगुजारांचा निरोप आला की पाणी वाढायला कोणीतरी असावं. मी पाळ्या लावल्या. सोमवार ते शनिवार, रोज दोन मुलं. नावं सगळी वरच्या आळीतली. कागद रांजणावर चिकटवला. खालच्या वस्तीतली मुलं पहिल्या दिवशी रांजणापाशी थांबली, कागद वाचला आणि ओंजळी पुढे केल्या. वाचायला त्यांना गुरुजींनीच शिकवलं होतं. कोणाचीही तक्रार आली नाही.

पावसाळ्यानंतर एटापल्लीहून पोस्टकार्ड आलं. हिवतापाने अंगात जोर नाही, असं एका ओळीत होतं. दुसऱ्या ओळीत रांजणाचं विचारलं होतं. करायच्या कामांच्या यादीत मी 'गुरुजींना उत्तर' असं लिहिलं. दर रविवारी नवी यादी करताना ती ओळ पुन्हा उतरवत गेलो. फाल्गुनात गुरुजी गेल्याची बातमी आली. त्या रविवारी ती ओळ उतरवली नाही.