मामाची सर्दीची वही

मामाला ‘थोडंसं’ हा शब्द चालत नसे. ‘थोडीशी साखर घाल रे,’ असं कुणी म्हणालं की तो चमचा हवेतच धरून विचारायचा, ‘थोडीशी म्हणजे किती?’ यात विनोद नव्हता. त्याला खरोखर आकडा हवा असायचा. धंदाच तसा होता त्याचा. वजनकाटे दुरुस्त करायचा. वाण्यांचे, बेकरीचे, पोस्टातले, तान्ह्या बाळांना तोलायचे, असे सगळे बिघडलेले काटे त्याच्या चिंचोळ्या दुकानात यायचे आणि दवाखान्यातल्या पेशंटांसारखे फळीवर ओळीनं, तोंड पाडून बसायचे. मामा एकेकाला टेबलावर घ्यायचा, चष्मा कपाळावरून नाकावर आणायचा आणि ‘काय होतंय?’ असं मनापासून विचारायचा. काट्याला.

दुरुस्तीची त्याची एक रीत होती. काटा आला की पहिल्यांदा त्यावर काहीच ठेवायचं नाही. पारडं कोरड्या फडक्यानं पुसायचं, पंखा बंद करायचा, दार लोटायचं आणि रिकामा काटा काय दाखवतो ते बघत बसायचं. गिऱ्हाईक दारात घाम पुसत उभं असलं तरी मामा ढिम्म. म्हणायचा, ‘रिकामं पारडं काय बोलतं ते आधी ऐकावं. भरल्या पारड्यावर कुणीही विश्वास ठेवतो.’ आम्ही भाचरं लहानपणी त्याची नक्कल करायचो. जेवायला बसलो की रिकाम्या ताटाकडे टक लावून बघायचो आणि आईचा धपाटा खायचो.

असा हा माणूस कॅप्सुलांच्या नादी लागला तो मामीमुळे.

‘सर्दीनं गेली,’ असं तो सांगायचा. खरं म्हणजे मामी न्यूमोनियानं गेली, पण सुरुवात सर्दीनं झाली होती हेही खरंच. ‘साधं पडसं आहे, त्यात काय,’ असं ती एका सोमवारी म्हणाली. पुढच्या सोमवारी तिच्या चपला दाराशी होत्या आणि ती नव्हती. त्या ‘त्यात काय’ला मामानं कधी माफ केलं नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं. मागे राहिलेलं सगळं लक्ष त्यानं आमच्या नाकांवर केंद्रित केलं.

कुणीतरी त्याला एक छापील कागद दिला होता. सर्दीला दूर ठेवणाऱ्या सात वनस्पती. सुंठ, हळद, लसणाची पूड, ज्येष्ठमध आणि आणखी तीन. मामानं पुडे आणले, कॅप्सुलांची रिकामी टोपणं आणली आणि दुकान बंद झाल्यावर सोनाराच्या काट्यावर एकेक कॅप्सूल भरायला बसला. चारशे मिलिग्रॅम म्हणजे चारशे. एखादी चारशे तीन भरली तर ती उघडून काडीच्या टोकानं तीन मिलिग्रॅम काढायचा. एवढी काळजी तर लोक सोन्याचीही घेत नाहीत.

दर दोन महिन्यांनी, रविवारी सकाळी, खांद्यावर पिशवी अडकवून तो फेरीला निघे. चार घरं, बारा माणसं. प्रत्येकाच्या नावाची तपकिरी बाटली, त्याच्या गोल अक्षरातली चिठ्ठी, ‘रोज एक, जेवणानंतर’. आणि काखेत सर्दीची वही. तिच्यात प्रत्येकाला एक पान होतं. दोन महिन्यांत पडसं किती वेळा, किती दिवस, सगळं पेन्सिलीनं, पट्टीनं आखलेल्या रकान्यांत.

‘काय सूनबाई, संपली का बाटली?’ तो आमच्या दारात चप्पल काढता काढता माझ्या बायकोला विचारायचा.

‘संपली की, मामा. कालच.’

‘पडसं?’

‘छे! अजिबात दाही.’

हा ‘दाही’ चोंदलेल्या नाकातला होता. डोळे लाल, पदराशी रुमाल लपवलेला.

‘आवाज बसलाय का तुझा?’

‘माळा झाडला ना, धूळ गेली.’

मामा समाधानानं वहीत शून्य मांडायचा. शून्य काढतानाही तो गोल नीट जुळला की नाही ते बघे.

आता आमच्या घरातलं खरं सांगतो. आमच्या बाटल्या चपलांच्या कपाटात, पावसाळी बुटांच्या मागे रांगेनं उभ्या होत्या. मावशी, म्हणजे मामाची धाकटी बहीण, कॅप्सुला फोडून बाल्कनीतल्या कुंडीत रिकाम्या करायची. तीन वर्षांत ती कुंडी एकदाही शिंकली नाही, एवढं मात्र मान्य केलं पाहिजे. मुलांसाठी मामानं अर्ध्या मापाच्या वेगळ्या भरल्या होत्या. त्यावर बायको ठाम होती.

‘पोरांना मी हे देणार नाही. काय आहे, किती चालतं, कुणी तपासलंय?’

‘मग सांग ना त्याला तसं.’

‘मामा तुझे आहेत. तू सांग.’

‘त्याच्या तोंडावर?’

‘तेच तर.’

त्याचं तोंड बघून कुणाचीच जीभ रेटत नसे. बाटली हातात ठेवताना तो जो चेहरा करायचा, त्या चेहऱ्याला ‘नको’ म्हणायचं म्हणजे मामीला पुन्हा एकदा दवाखान्यात नेण्यासारखं होतं. म्हणून चारही घरांनी, एकमेकांना न विचारता, एकच सोपा मार्ग काढला. गोड बोलायचं आणि खोटं बोलायचं.

चार घरांत फक्त एक माणूस खरं बोलत होतं. माझी आई.

आई मामापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. त्यांची आई लवकर गेली, त्यामुळे मामाला हिनंच न्हाऊ-माखू घातलेलं. पन्नाशी उलटलेल्या त्या माणसाला ती अजून ‘धाकल्या’ म्हणायची. पाच वर्षांपूर्वी तिच्या हृदयाची झडप बदलली होती. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची एक गोळी रोज आणि महिन्याला रक्ततपासणी. ती गोळी आई डॉक्टरांना घाबरून घ्यायची आणि मामाची कॅप्सूल प्रेमानं घ्यायची. पडसं झालं की तेही प्रामाणिकपणे सांगायची. ‘झालं बाबा, दोनदा झालं. एकदा चार दिवस, एकदा सहा.’

बाकी सगळ्यांच्या पानांवर शून्यं आणि ताईच्या पानावर आकडे. मामा कासावीस व्हायचा.

‘ताई, अख्ख्या घरात तुलाच कसं गं होतं?’

‘म्हातारी झाले रे.’

‘तू आता दोन घे. सकाळी एक, संध्याकाळी एक.’

खरं बोलण्याची ही शिक्षा. आई दोन घेऊ लागली.

महिन्याभरानं, एका मंगळवारी सकाळी, बेसिनपाशी तोंड धुताना आईचा घोळणा फुटला. पाच-दहा मिनिटांत थांबेल म्हणून आम्ही नाक दाबून धरलं, बर्फ लावला. तासाभरानंही थांबेना. दोन टॉवेल भिजले. बाह्या वर सारल्या तर दोन्ही दंडांवर निळेजांभळे डाग. ‘कशाला तरी आपटले असेन,’ ती म्हणाली. इतक्या ठिकाणी कोण आपटतं?

दवाखान्यात नाकात बोळे घातले, रक्त तपासलं. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला.

‘रक्त फारच पातळ झालंय. आज नाकातून आलं म्हणून कळलं. हेच डोक्यात किंवा पोटात झालं असतं तर आपण वेगळ्याच खोलीत बोलत असतो. आजी, ती गोळी दोनदा घेतलीत का?’

‘नाही हो. एकच.’

‘आणखी काही औषध?’

‘नाही.’

‘झाडपाल्याचं, चूर्ण, काही?’

‘काही नाही. एक ते कॅप्सूल तेवढं. पण ते औषध कुठं? ते माझ्या भावाचं आहे.’

आणि तिनं पिशवीतून तपकिरी बाटली काढली. निम्म्याहून जास्त रिकामी. मी ती बाटली बघत राहिलो. मी आपला तीन वर्षं समजत होतो की आईही ती कुठल्याशा बुटामागे ठेवते.

‘आई, तू हे खरंच घेतेस?’

‘म्हणजे?’ आईनं माझ्याकडे बघितलं, मग सुनेकडे. ‘तुम्ही घेत नाही?’

बायको खिडकीतून बाहेर बघू लागली. बाहेर फक्त भिंत होती.

तेवढ्यात मामा आला. दुकान तसंच टाकून आला होता, हाताला काळं तेल. पाठोपाठ मावशीही आली. आईच्या नाकातले बोळे बघून मामाचा चेहरा पडला, पण हात मात्र सवयीनं खिशात गेला.

‘अशक्तपणा आलाय. ताई, आता तीन घे.’

‘थांबा,’ डॉक्टरबाई म्हणाल्या. ‘यात काय आहे?’

मामानं धडाधडा सातही नावं सांगितली, प्रत्येकाचं मिलिग्रॅममध्ये वजन सांगितलं. डॉक्टरबाई लिहून घेता घेता थांबल्या. म्हणाल्या, ‘इतकं नेमकं मला कंपन्याही सांगत नाहीत. पण हे बघा, यातल्या तीन गोष्टी त्या रक्ताच्या गोळीचा जोर वाढवू शकतात. किती, ते कुणीच वजन करून सांगू शकत नाही. आजींना हे आजपासून बंद.’

‘आणि सर्दी झाली म्हणजे?’

‘झाली तर बघू. हे घेऊन सर्दी टळते असा धड पुरावा नाही. धडधाकट माणसाला यानं बहुधा काही होणार नाही. पण त्या ‘बहुधा’त तुमच्या ताई बसत नाहीत.’

मामानं पिशवीतून वही काढली. ती तो सगळीकडे नेत असे. ‘पुरावा आहे, डॉक्टर. बारा माणसं, तीन वर्षं. ही शून्यं बघा. अकरा जणांना सर्दी जवळजवळ नाहीच, आणि त्रासही नाही कुणाला. मग एकट्या ताईला कॅप्सुलेनं कसं होईल? तुमच्या गोळीतच काहीतरी असेल.’

डॉक्टरबाई काही बोलायच्या आत आई बोळ्यांमागून म्हणाली, ‘धाकला म्हणेल तसं करू. एवढं जीव ओतून करतो तो. मी नाही बंद करणार.’

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं. खोलीत दुसरं कुणी आईला थांबवू शकणार नव्हतं. फक्त मामा थांबवू शकत होता, आणि मामा वहीवर विसंबला होता, आणि वही आम्ही लिहिली होती.

‘मामा,’ मी म्हणालो, ‘आम्ही घेत नाही.’

‘काय घेत नाही?’

‘कॅप्सूल. कधीच घेतली नाही. चपलांच्या कपाटात आहेत सगळ्या.’

मामा हसला. बायकोकडे बघून म्हणाला, ‘ऐकलंस का सूनबाई, काय म्हणतोय हा?’

तिनं डोळे पुसले. ‘खरं आहे, मामा. पडसंही व्हायचं. सांगत नव्हतो.’

‘तू तरी?’ त्यानं मावशीला विचारलं.

‘कुंडीत, दादा,’ मावशी पुटपुटली. ‘आमच्याकडच्या सगळ्यांच्याच.’

उरलेल्या दोन घरांना मी फोन लावला. दोन्हीकडून तेच उत्तर आलं.

मामा खोलीतल्या स्टुलावर बसला. आम्हाला वाटलं, आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं खिशातून पेन्सिल काढली, वहीचं पहिलं पान उघडलं आणि नेहमीच्या आवाजात मला विचारलं, ‘गेल्या हिवाळ्यात तुला खरं किती वेळा झालं?’

‘दोनदा. कदाचित तीनदा.’

‘दोनदा की तीनदा?’

‘दोनदा.’

त्यानं शून्यावर काट मारली आणि दोन लिहिले. मग बायकोला विचारलं, मग मावशीला. आम्ही परीक्षेत नापास झालेल्या पोरांसारखे एकेक करून सांगत होतो. कुणाचे दोन, कुणाचे तीन, एकाचा एक. शेवटी त्यानं आईचं पान उघडलं. तिथे काहीच खोडावं लागलं नाही. गेला हिवाळा, दोन.

ती पानं तो मागेपुढे करत राहिला. मग म्हणाला, ‘एका वजनावरून मी कुठला काटा पास करत नाही. पण नापास करायला एवढं पुरतं.’ थोड्या वेळानं म्हणाला, ‘अकरा पारडी रिकामी होती. मी त्यांना भरलेली समजून वाचत होतो.’

‘आमचं चुकलं, मामा.’

‘तुमचं चुकलंच,’ तो म्हणाला. ‘पण बघायचं काम माझं होतं.’

मग तो उठला, आईच्या उशाशी गेला आणि तिच्या हातातली बाटली काढून घेतली. ‘ताई, ही बंद. डॉक्टर सांगतील तेवढंच. मी सांगतोय.’

‘तुला वाईट वाटेल रे.’

‘वाटलंच आहे. तरी बंद.’

रक्त ताळ्यावर यायला आठवडा लागला, डाग पिवळे पडून जायला महिना. आई घरी आली. पण ठरलेला रविवार आला तेव्हा मामा आला नाही. देण्यासारखं हातात काही नसताना लोकांच्या दारात कसं उभं राहायचं, हे त्याला माहीत नव्हतं. अकरापर्यंत वाट बघून आईनं चपला घातल्या आणि मला बरोबर घेऊन त्याच्या दुकानी गेली.

रविवार असूनही तो टेबलाशी होता. पुढे एक रिकामा काटा, पंखा बंद.

‘धाकल्या, माझी रक्ततपासणी परवा आहे,’ आई म्हणाली. ‘त्यांचे आकडे मला कळत नाहीत. हा नुसतं ‘ठीक आहे’ म्हणतो.’

‘ठीक म्हणजे किती?’ मामानं माझ्याकडे बघत चष्मा नाकावर ओढला.

मी फोनमध्ये जुना रिपोर्ट शोधू लागलो.

‘मी येतो,’ तो म्हणाला. ‘किती वाजता?’

‘नऊ.’

‘नऊ म्हणजे नऊ.’ त्यानं वही काढली, आईच्या पानाखाली पट्टीनं नवी रेघ आखली आणि तिथे तारीख लिहिली.

तेवढ्यात आईला शिंक आली. एक, आणि लगेच दुसरी. मामाचा हात झटकन खिशात गेला. गेला आणि तिथेच थांबला. मग त्यानं रुमाल काढला, त्याची घडी मोडली आणि तो तिच्या हातात दिला.