कोठीखालची पाहुणी

गिरणीवाल्या बाईचा आवाज मुळातच चढा असतो. पट्टा फिरतोय, दगड घरघरतोय, अशा वेळी समोरच्या बाईला "ज्वारी की गहू" एवढं विचारायचं तरी घसा ताणावा लागतो. घाटनांदूरला आमची पिठाची गिरणी मी वीस वर्षं चालवतेय, आणि आता गिरणी बंद असली तरी मला हळू बोलता येत नाही. मी कुणाच्या कानात गुपित सांगितलं की ते शेजारणीला तिच्या स्वयंपाकघरात ऐकू येतं, असं ती स्वतः सांगते. अशा बाईनं भित्रं मांजर आणायच्या भानगडीत पडू नये, एवढी अक्कल मला तेव्हा नव्हती.

निमित्त उंदरांचं झालं. लाईट गेली की लोकांची दळणं रात्रभर गिरणीतच राहतात, आणि सकाळी पाहावं तर पिशव्यांना भोकं. नवरा म्हणाला, औषध टाकू. पिठाच्या जागेत विष ठेवणार का, म्हणून मी त्याला असं काही फैलावर घेतलं की बाहेर उभ्या बाया आपापले डबे घेऊन दोन पावलं मागं सरकल्या. पण खरं सांगते, उंदीर हे नुसतं निमित्त होतं. मला लहानपणापासून मांजर हवं होतं. माहेरी आई पाळू देईना, सासरी विचारायची सोय नव्हती, मग लेकरांचं करता करता ते राहूनच गेलं. शेचाळीसाव्या वर्षी मला कुणाची परवानगी लागत नाही हे एके दिवशी अचानक लक्षात आलं, आणि मी अंबाजोगाईची एसटी धरली.

अंबाजोगाईच्या बाहेर एक निवृत्त नर्सबाई पत्र्याच्या शेडमध्ये भटक्या जनावरांचा निवारा चालवतात. लंगडी कुत्री, आंधळं कोकरू, आणि एका जाळीच्या खोलीत मांजरं. बाकीची मांजरं माझ्या साडीला अंग घासत होती. ती मात्र कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसली होती. करड्या पट्ट्यांची, हडकुळी, डाव्या कानाचा तुकडा गेलेली. कोरड्या विहिरीच्या कपारीत तीन दिवस अडकली होती, आपणच टोपली सोडून वर काढली, असं नर्सबाईंनी सांगितलं. मी म्हटलं, हीच पाहिजे.

नर्सबाईंनी माझ्याकडं नीट निरखून पाहिलं. म्हणाल्या, एकदा एका घरानं नेली होती, तिसऱ्या दिवशी परत आणून टाकली, कामाची नाही म्हणून. तेव्हापासून ती जास्तच मिटली. दुसऱ्यांदा परत आली तर त्या तिला पुन्हा कुणाच्या घरी देणार नव्हत्या, जन्मभर जाळीतच राहील ती. मग त्यांनी अटी सांगितल्या. एक खोली द्यायची. पहिले दिवस कुणी जवळ जायचं नाही, गर्दी नको, गोंगाट नको. आठव्या दिवशी त्या स्वतः येऊन बघणार, आणि मांजर तोवर घराला लागलं नसेल तर घेऊन जाणार. मी सगळ्याला हो हो म्हटलं. टोपली मांडीवर घेऊन एसटीत बसले तेव्हा मला नुसतं हसू फुटत होतं. शेजारच्या बाईनं काय आहे म्हणून विचारलं तर मी तिला सांगितलं, आणि ते अख्ख्या एसटीनं ऐकलं.

घोळ झाला तो दारात. मी अंबाजोगाईहूनच फोन करून ठेवला होता, उत्साहाच्या भरात. सासूबाईंनी तो उत्साह मनावर घेतला. आमच्याकडं बाळंतीण लेकरू घेऊन आली, नवी नवरी आली, दवाखान्यातून माणूस घरी आलं, की उंबऱ्यात थांबवून भाकरतुकडा ओवाळून टाकतात. भाकरीचा तुकडा आणि पाणी, दृष्ट लागू नये म्हणून. सासूबाई तुकडा आणि तांब्या घेऊन उंबऱ्यात उभ्या. त्यांच्यामागं दळणाला आलेल्या आठ-दहा बाया, आणि गिरणी चालूच. मला त्याच क्षणी नर्सबाईंचे शब्द आठवायला हवे होते. उलट मला इतका आनंद झाला, की माझ्या मांजरीला कुणी सुनेचा मान देतंय, की मी टोपलीचं झाकणच उघडून धरलं, सगळ्यांना दिसावी म्हणून.

"घरात नवा जीव आलाय," सासूबाई म्हणाल्या, "तसाच कसा आत घ्यावा?"

त्यांनी तुकडा ओवाळला, पाणी फिरवलं, त्यातले चार थेंब मांजरीच्या तोंडावर पडले. बाया एकदम बोलायला लागल्या. मांजर टोपलीतून उडालं ते सासूबाईंच्या खांद्यावरून, तांब्या पाडून, थेट आतल्या खोलीत. तिथं ज्वारीची पत्र्याची कोठी आहे, विटांवर ठेवलेली. तिच्याखाली वीतभर फट. त्या फटीत ती गेली, ती गेलीच.

पहिले दोन दिवस मी वेड्यासारखी खोलीच्या दाराशी घुटमळत होते. रात्री वाटीत दूधभाकरी ठेवायची आणि सकाळी वाटी चाटूनपुसून लख्ख. मी नवऱ्याला सांगितलं, सासूबाईंना सांगितलं, नर्सबाईंना फोन करून सांगितलं, की पोरगी जेवते बरं का. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी वाटीशेजारी बोट दाखवलं. लेंड्या. माझ्या मांजरीचं जेवण उंदीर जेवून जात होते. नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि दुपारपर्यंत ही गोष्ट दळणाबरोबर गावभर गेली. वर तो मला म्हणाला, औषधाचं बघू का आता? मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

मग मी नर्सबाईंनी दिलेला खाऊ वाटीत घालून, भाकरीच्या उलथन्यानं वाटी कोठीखाली आत सरकवायला लागले. अंधारात दोन डोळे चमकायचे. मी गेले की ती थोडं खायची, एवढंच. बाहेर पाऊल नाही. सहाव्या दिवशी मी पुन्हा फोन लावला आणि रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं. नर्सबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, घरात एवढा आवाज कशाचा येतोय. मी म्हटलं, गिरणीचा.

"आन् तुमचा," त्या म्हणाल्या. "ताई, तिला तुमची भीती न्हाई वाटत, आवाजाची वाटती. एक दिवस घर निवांत ठिवून बघा. मी परवा येते."

गिरणी असलेल्या घरात निवांत दिवस कुठून आणायचा? आणि तेव्हा मला उमगलं की तो दिवस आयताच समोर उभा आहे. उद्या एळवस होती.

आमच्या भागात एळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, गावात माणूस राहत नाही. ज्वारी पोटऱ्यात, म्हणजे कणसं फुटायच्या बेतात आलेली असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात. रानात कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पाच पांडव मांडायचे, पूजा करायची आणि पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील खाऊन दिवसभर तिथंच लोळायचं. ज्याला शेत नाही त्याला दहा जण बोलावतात. दुकानं बंद, गिरणी बंद, गल्ली चिडीचूप. एळवसेला घरी राहतं ते फक्त अंथरुणाला खिळलेलं माणूस. मी जाहीर केलं की मी येत नाही.

नवऱ्याचा पारा चढला. मांजरापायी एळवस सोडणारी बाई अख्ख्या तालुक्यात सापडायची नाही, पाहुण्यांना काय तोंड दाखवू, असं बरंच काही झालं. त्याचं चूक नव्हतं. लग्न झाल्यापासून मी एकही एळवस चुकवली नव्हती, आणि आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन बांधावरून चालायचा मान घरच्या सुनेचा. मला वाटलं आता सासूबाईही बोलणार. त्या चुलीपुढं भज्जी ढवळत होत्या. वळल्याही नाहीत.

"ऱ्हाऊ दे तिला," त्या म्हणाल्या. "भाकरतुकडा म्या ओवाळला. मडकं म्या नेते."

पंच्याहत्तरीची बाई, गुडघे धरलेले. मी त्यांच्या पाया पडले तर म्हणाल्या, पाया कशाला पडतीस, आंबील काढून ठेवलीय तुझ्यापुरती, ती खा.

सकाळी नऊच्या सुमाराला शेवटचा ट्रॅक्टर गल्लीतून गेला. मी गिरणीचा मेन स्विच खाली ओढला, फोन बंद केला, आणि ताट घेऊन आतल्या खोलीत कोठीपासून चार हातांवर फरशीवर बसले. इतकी शांतता मी या घरात कधी ऐकली नव्हती. छपरावर चिमण्यांच्या पायांचा आवाज येत होता. पत्रा उन्हानं तापताना कट् कट् वाजतो हे मला वीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. मी कोठीकडं पाहायचं नाही असं ठरवलं होतं. भज्जीचा घास घ्यायचा, भिंतीकडं बघायचं, हळूहळू चावायचं. एक तास गेला. पायांना मुंग्या आल्या. मी मनात म्हणत होते, बाई गं, ये. तुझ्या एकटीसाठी एळवस केली आज, ये.

आधी मिशा दिसल्या. मग नाक. मग ती पोट फरशीला घासत, अर्धी बाहेर, अर्धी आत, अशी थांबली. मी घास चावायचा थांबवला. मी बोट आंबिलीत बुडवलं आणि हात फरशीवर उताणा ठेवला. ती एक पाऊल आली. थांबली. छपरावर कावळा बसला, ती परत आत. मी हात हलवला नाही. पुन्हा मिशा, पुन्हा नाक, आणि या खेपेला ती सगळीच्या सगळी बाहेर आली, शेपटीच्या टोकापर्यंत. सात दिवसांनी मी माझं मांजर अख्खं पाहिलं. तिच्या पोटावर पांढरा डाग होता, मला माहीतच नव्हता.

तिनं माझं बोट हुंगलं आणि आंबील चाटली. खरखरीत जीभ. मला ओरडायचं होतं. मला दारात जाऊन सगळ्या गल्लीला हाक मारून सांगायचं होतं, आणि गल्लीत कुणी नव्हतं, आणि असतं तरी मला ओठ हलवायची चोरी होती. एवढा मोठा आनंद तोंड मिटून सोसायचा प्रसंग माझ्यावर कधी आला नव्हता. मी नुसती रडत होते आणि ती चाटत होती. बोटावरची आंबील संपली तेव्हा तिनं डोकं माझ्या गुडघ्याला एकदा, अगदी ओझरतं, टेकवलं. मग खिडकीतल्या उन्हात जाऊन बसली. आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत तशाच होतो.

ट्रॅक्टर परतले, गल्लीतली लेकरं ओरडत आली, आणि ती विजेसारखी कोठीखाली गेली. मी नवऱ्याला सगळं सांगितलं, कुजबुजत. त्याला वाटलं माझा घसा बसलाय. मांजर बाहेर आलं यावर मात्र त्याचा विश्वास बसला नाही. त्या रात्री मला भीतीनं गिळलं. एक दिवसाची शांतता संपली होती. उद्या गिरणी सुरू होणार, उद्याच नर्सबाई येणार, आणि माझ्याकडं साक्षीदार कुणी नव्हता.

दुसऱ्या दिवशी गिरणीपुढं ही रांग. नर्सबाई अकराला आल्या तेव्हा मी नवऱ्याला सांगून गिरणी थांबवली होती आणि बाया बाहेर तिष्ठत होत्या. आम्ही दोघी खोलीत फरशीवर बसलो, एकमेकींशी न बोलता. बराच वेळ काही नाही. मग ती आली. कोठीपासून हातभर लांब, माझ्यापासून चांगली पाच-सहा हात. तिनं नर्सबाईंकडं पाहिलं, वाटीकडं पाहिलं, खाल्लं काहीच नाही. मी मनात म्हणत होते, खा गं, एक घास खा, त्यांच्यासमोर खा.

आणि बाहेर कुणाच्या तरी हातून दळणाचा भरला डबा फरशीवर आदळला.

ती हवेत उडाली. कोठी तिच्या शेपटीपाशी होती. ती कोठीकडं वळली नाही. खोली आडवी पार करून ती माझ्या मांडीत शिरली, पदराखाली, आणि नखं माझ्या पोटाला रुतवून तिथं गच्च चिकटली.

मी हललेच नाही. नर्सबाई हळूच उठल्या, चप्पल शोधायला लागल्या. मी घाबरून विचारलं, तिनं तुमच्यासमोर काही खाल्लं नाही, मग आता कसं?

"खायला काय, भूक लागली की कुणाच्याबी हातचं खातंय जनावर," त्या म्हणाल्या. "भ्याल्यावर ती कुणाकडं पळती, तेवढंच बघाया आलते मी."

त्यांनी तिच्या पाठीवर हात फिरवायला हात पुढं केला. ती पदराखाली आणखी आत सरकली, त्यांच्यापासून लांब. ज्या बाईनं तिला विहिरीतून काढलं तिच्यापासून. नर्सबाईंनी हात मागं घेतला, डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, उठू नका, मी जाते, तिला तशीच बसू द्या.