पानावरची रेघ

पान मांडलं की ती आधी बोट पाण्यात बुडवायची आणि पानाच्या मधोमध एक रेघ ओढायची. केळीच्या पानावर पाणी ठरत नाही. रेघेचे थेंब होऊन इकडेतिकडे पळायचे, पण तिला ती रेघ दिसत असायची. मग वाढणारीकडे वर बघून म्हणायची, "हिच्या अल्याड वाढ. पल्याड न्हाय." वाढणारी नवखी असली तर गोंधळायची आणि जुनी असली तर रागवायची.

तुमच्याही पाहण्यात असं एखादं माणूस असेल, ज्याची एकच लकब लोक वर्षानुवर्षं करून दाखवतात. भाइंदरच्या मिठागरांत पोरंसोरंसुद्धा तिच्यासारखी रेघ ओढून दाखवायची आणि हसत सुटायची. मला कधी हसू आलं नाही. ती रेघ कुठून आली ते मी माझ्या दारातून पाहिलं होतं.

ती गावची सुईण. सगळं गाव तिला आय म्हणायचं, म्हणून मीही आयच म्हणायची. आमचे हे मिठागरावर कारकून होते आणि आमच्या दोन खोल्या मिठागरांच्या पार पलीकडे, खाडीच्या अंगाला होत्या. गावातून आमच्याकडे यायचं तर बांधावरून चालत यायचं, दुसरी वाट नाही, झाड नाही, सावली नाही. बांधाच्या मध्यावर भरतीचं पाणी आत घ्यायचं लाकडी दार होतं. त्याला उघाडी म्हणतात. बसायला जागा म्हणाल तर तेवढीच.

आय अंगाने अवाढव्य होती. पाटावर बसली की पाट दिसायचा नाही. याला तिचा धंदाच कारण होता. आमच्या भागात बाळाच्या पाचवीला सुईणीला पोटभर जेवू घालायची रीत. नुसतं जेवू घालून भागत नाही, तिने पान पुसून स्वच्छ केलं पाहिजे. पानात घास उरला तर सुईणीला बाळाचं पुढचं काही वाईट दिसलं असं समजायचे. सुईण पोटभर जेवली म्हणजे पोर नांदणार. त्यामुळे गरिबातला गरीबसुद्धा उसनंपासनं करून तिच्यापुढे भाताचा डोंगर रचायचा आणि ती बिचारी तो संपवायची. कुणी तिच्या अंगावरून चेष्टा केली की दंडाला हात लावून म्हणायची, "ही चरबी न्हाय रे. ही तुमची पोरं हायेत."

दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती, तेव्हाची गोष्ट. आमच्या शेजारच्या झोपडीत एक मजूर जोडपं राहत होतं. चैत्रातल्या भर दुपारी त्या बाईच्या पोटात दुखू लागलं. नवरा धावत गावात जाऊन आयला सांगून परतसुद्धा आला. मी त्या बाईचा हात धरून बसले होते आणि दारातून बांधाकडे बघत होते. आय येताना दिसत होती. थोडं चालायची, थांबायची, पुन्हा चालायची. उघाडीपाशी आली आणि बसली. उठेचना. मी हाका मारल्या, पण तिथवर काय ऐकू जाणार! ती छातीवर हात ठेवून तशीच बसून होती.

ती झोपडीत पोचली तेव्हा मुलगी झाली होती आणि आईचं रक्त थांबत नव्हतं. आयने येईल ते सगळं केलं. संध्याकाळच्या आत ती बाई गेली. आय लवकर आली असती तर वाचली असती का, मला सांगता येत नाही. आयला मात्र खात्री होती. रक्ताचे हात मातीत पुसत ती एकच बोलत राहिली, "ती मरत हुती न मी बसली हुती."

पोरगी तिनेच उचलून घरी नेली. बाप पुढे पावसाळ्यात आपल्या गावाकडे गेला तो परत आलाच नाही.

त्यानंतर आय कुणाला न सांगता ठाण्याच्या एका डॉक्टरांना दाखवून आली. मला येऊन म्हणाली, "डाक्टर बोलतात वजन उतरवा, न्हायतर काळीज थांबंल. भात सोडा, गूल सोडा, खोबरं सोडा. मोसंबी खा, दूध प्या, अंडी खा." वर म्हणाली, "सोडायचं ते सगलं फुकट हाय. खायाचं तेवढं इकत!"

तिचा मुलगा मिठागरावर मजूर. रेशनच्या तांदळात अर्धे खडे, आणि तोसुद्धा आठवडाभर पुरायचा नाही. त्या घरात मोसंबी कुठून येणार? पण आयने मनावर घेतलं होतं. मोसंब्यांवाचून कसं भागवायचं ते तिने आपलं आपणच ठरवलं. भात एक मूठ, तोही दुपारीच. दिवस मावळायच्या आत नाचणीची अर्धी भाकरी, पुन्हा काही नाही. बांधाच्या कडेला उगवणारी घोळ, पावसाळ्यात टाकळा, एरवी शेवग्याचा पाला. पालेभाजीत तेल नाही, नुसती मिरची आणि लसूण. गवळ्याकडे ताक फुकट मिळायचं, ते लोटाभर आणायची. ओहोटी लागली की खाडीच्या चिखलात उतरून निवट्या, तिथले बोटभर मासे, पकडायची आणि चिंचेच्या पाण्यात शिजवायची. खोबऱ्याचं वाटण नाही म्हणून सून कुरकुरली, तर म्हणाली, "निवटीला काय म्हाईत खोबरं घातलं का न्हाय?"

सुनेला मात्र ते दिवस फार जड गेले. सासू वाळू लागली तशी विहिरीवर कुजबुज सुरू झाली, की रेशनचा तांदूळ सून एकटी खाते आणि म्हातारीला उपाशी ठेवते. सून रडत घरी गेली. दुसऱ्या दिवशी आय स्वतः विहिरीवर आली आणि कळशी आपटून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझी सून मना रोज वाढते. मीच जेवत न्हाय. कुनाला काय इचारायचं हाय ते मना इचारा!"

आणि रोज सकाळी ती बांधावरून चालत आमच्या दारापर्यंत येऊ लागली. कडेवर ती पोरगी. दारात उभी राहून म्हणायची, "पोचली गं मी." मी तांब्याभर पाणी द्यायची, ते पिऊन परत जायची. बसायची नाही, गप्पा नाहीत. पहिल्यांदा मला वाटलं पोरीला आईची झोपडी दाखवायला आणते. मग लक्षात आलं. वजनाचा काटा तिच्याकडे नव्हता. तिचा काटा म्हणजे ती उघाडी. सुरुवातीला ती जाता-येता दोन्ही वेळा तिथे बसायची. पुढे फक्त परतताना. मग नुसता हात टेकून उभी राहायची. एक दिवस हातही न टेकता पुढे आली आणि त्या दिवशी "पोचली गं मी" हे तिने इतक्या जोरात म्हटलं की माझ्या सासूबाई देवपूजा टाकून बाहेर आल्या.

पण सुईणीचं पथ्य आणि पाचवीचं पान यांचं जमणार कसं? घरी आवरायचं आणि पाचवीला डोंगर संपवायचा, तर सगळे कष्ट पाण्यात. म्हणून ती रेघ. पानाचा अर्धा भाग माझा, तेवढंच वाढा, तेवढं मी पुसून खाते. तिला वाटलं लोक समजून घेतील. लोकांना काय दिसलं? अर्धं रिकामं पान! एका घरी तिने अशी रेघ ओढली आणि नेमका त्याच आठवड्यात बाळाला ताप आला. बाळ बरं झालं, पण गावात व्हायचा तो बोभाटा झालाच. आयला पुढचं दिसतं म्हणून ती जेवत नाही, असं जो तो म्हणू लागला. काही घरं काशीगावच्या सुईणीला बैलगाडीतून आणू लागली.

त्या दिवसांत एका सकाळी ती आली आणि पहिल्यांदाच आमच्या उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "जेवली तर पोचत न्हाय. न्हाय जेवली तर बोलवत न्हायत. तूच सांग बाय, काय करू?" मला तेव्हा सहावा महिना होता. तिने माझ्या पोटाकडे पाहिलं, पाणी प्यायली आणि गेली.

माझं पहिलं मूल माहेरी झालं होतं. ते पाचवीच्या आधीच गेलं. म्हणून या वेळी सासूबाईंनी मला माहेरी धाडलं नाही, आणि त्यांचा जीव सारखा टांगणीला असायचा. "काशीगावची बोलवू या गं," त्या म्हणायच्या. मी हट्टाला पेटले. जी बाई रोज माझ्यासाठी बांध चालून बघतेय तिला सोडून मी दुसरीला हात लावू देणार नव्हते.

वेणा सुरू झाल्या त्या ऐन दुपारीच. हे निरोप घेऊन गावात धावले. मी आत पडून होते, मला बांध दिसत नव्हता. सासूबाई दारात उभ्या राहून सांगत होत्या. "निघाली. पोरीलाही घेऊन येतेय. आली उघाडीपाशी." मग एकदम गप्प झाल्या. मी डोळे घट्ट मिटले. आणि सासूबाई लहान मुलीसारख्या ओरडल्या, "नाही बसली गं! नाही बसली!"

"पोचली गं मी," दारातून आवाज आला. मला रडू फुटलं.

बाळाच्या मानेला नाळेचा वेढा होता. बाहेर आलं तेव्हा निळं पडलं होतं, रडत नव्हतं. आयने वेढा काढला, तोंडात बोट घालून साफ केलं, पाठ चोळली, फुंकर घातली, पुन्हा चोळली. किती वेळ गेला कोण जाणे. मग तो रडला. अजून थोडा उशीर झाला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही करत नाही.

पाचवीला सासूबाईंनी साठवलेलं सगळं बाहेर काढलं. रेशनमधून राखलेला तांदूळ, वरण, अळूची भाजी, गुळाचा सांजा. आय पाटावर बसली. सवयीने तिने बोट पाण्यात बुडवलं. सासूबाईंच्या हातातला भाताचा डाव जागीच थांबला. त्यांचा चेहरा पांढरा पडला. मी बाजेवर बाळाला छातीशी धरून होते. मला सगळं ठाऊक होतं. ती रेघ का, कशासाठी, कुणासाठी, सगळं. तरी त्या क्षणी मला वाटलं, आय, आज नको. आजच्या दिवस जेव.

तिने माझ्याकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं. बोटावरचा थेंब खाली गळला. मग ती दाराकडे वळून म्हणाली, "ये गं, बस हितं."

पोरगी दारात मातीत खेळत होती. दोन वर्षांची झाली होती. ती दुडुदुडु आली आणि पानाच्या पलीकडे आयसमोर बसली. आयने मधोमध रेघ ओढली. "अल्याडचं माझं, पल्याडचं हिचं. वाढ आता. सगलं पान भरून वाढ."

दोघी जेवल्या. पोरीने दोन्ही हातांनी सांजा खाल्ला. शेवटी आयने आपली बाजू पुसली, मग पोरीचं बोट धरून तिच्याकडून पलीकडची बाजू पुसून घेतली. पानावर एक शीत उरलं नाही. सासूबाईंनी वाकून ते पान पाहिलं. मग डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "सटवाईला पान पुसलेलं दिसलं म्हणजे झालं. कुणी पुसलं ते ती थोडीच विचारतेय!"

सासूबाईंसारख्या कडक बाईने हे मान्य केलं म्हटल्यावर गावाने काय बोलायचं? पाचवीला घरोघर दोन पाट मांडायला लागले. काशीगावची बैलगाडी यायची थांबली. रेशनच्या त्या दिवसांत मिठागरावरची सगळी पोरं काटकुळी होती, आयची पोरगी एकटीच गालांनी गुबगुबीत. आय तिचा गालगुच्चा घेऊन म्हणायची, "माझं उतारलं ते हिच्या अंगावर गेलं. गावचं गावात ऱ्हायलं." पुढची कितीतरी वर्षं ती बांधावरून आली, गेली, आणि उघाडीवर बसलेलं मी तिला पाहिलं नाही. तिला पोचायला उशीर झाला म्हणून कुणाचं काही बिघडलं, असंही पुन्हा ऐकलं नाही.

लढाई संपली. माझा मुलगा शाळेत जाऊ लागला. अशाच एका सकाळी मी तांब्या भरून ठेवला होता, आणि दारात पोरगी एकटीच आली. धापा टाकत होती.

"आयनी सांगलंय, पोचली म्हून सांग."

मला हसू आलं. म्हटलं, "आणि स्वतः कुठाय?"

तिने मागे बोट केलं. बांधावर उन्हं आली होती. आय उघाडीवर बसली होती.

मी तांब्या उचलला आणि तशीच अनवाणी धावत सुटले. तो बांध मी तोवर कधी धावून गेले नव्हते. किती लांब आहे तो! ती उघाडीच्या खांबाला टेकून बसली होती, हात मांडीवर, तोंड आमच्या दाराकडे. डोळे उघडे होते, पण तिचा जीव गेला होता. त्या दिवशी गावात कुणाच्या पोटात दुखत नव्हतं, कुणी तिची वाट बघत नव्हतं. एक मी सोडून.

धावताना अर्धं पाणी बांधावर सांडलं होतं. उरलेलं मी तिच्या ओठांना लावलं आणि म्हणाले, "पोचले गं आय."